लाखेत अडकलेलं बटण

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतो. पणदऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांपुढं पत्र्याची पडवी आहे, तिथं. हौसा, म्हणजे माझी बायको, काड्या झटकून, मुळ्या सारख्या करून माझ्याकडं सरकवायची आणि मी केळीच्या सोपटानं आवळायचो. मधे स्टुलावर रेकॉर्ड फिरत होती. तिचं कव्हर हौसानं माठाला टेकवून ठेवलं होतं. कव्हरवर तालमीतल्या वस्तादासारखा एक दांडगा माणूस खुर्चीत बसलाय. मान मांडीएवढी, खांद्यावर टॉवेल, पुढ्यात बँडवाल्यांचं ते पुढंमागं सरकणारं लांब पितळी वाद्य. आणि रेकॉर्डमधून आवाज येत होता बारीक, चटपटीत, अंगणवाडीतल्या बाईसारखा.

"गडीच गातुया ह्यो," हौसा म्हणाली.

"बाई हाय," मी म्हणालो.

हे आमचं तीस वर्षं चाललेलं. माझं म्हणणं, फोटोतला माणूस बँडचा मालक. गाणारी वेगळी, लाजून फोटोत आली नसेल.

"येवढं गळा काढून गातीया आन् फोटोला लाजंल व्हय?"

"तू न्हाय का, देवळात वराडतीस आन् फोटो काढायचा म्हणलं की पदर तोंडाला लावतीस."

"मग लावा पैज," ती म्हणाली. "जो चुकंल त्यानं चार माणसांत कबूल करायचं. डेरीवर, सकाळी, समद्यांच्या म्होरं. पुटपुटायचं न्हाय, मोठ्यानं."

"लावली."

तिला ठाऊक होतं की जन्मात मी कुणापुढं चूक कबूल केलेली नाही. मला ठाऊक होतं की इंग्रजी गाण्यातला गडी आणि बाई शोधून द्यायला पणदऱ्यात कुणी येणार नाही. म्हणून दोघंही बिनघोर होतो.

तेवढ्यात लाईट गेली. आमचं मशीन जुनं, आत काचेचे वॉल्व्ह. लाईट गेली तरी त्याचा आवाज लगेच तुटत नसे, दोन श्वास रेंगाळायचा. रेकॉर्ड मंद होत गेली, आवाज खाली खाली उतरत गेला, जाड झाला आणि विझला.

"ऐकलं का?" हौसा अंधारात म्हणाली. "आला बघा गडी."

"लाईट गेल्यावर समद्यांचाच आवाज बसतो," मी म्हणालो.

ती हसली. उरलेलं गाणं उद्या ऐकू म्हणाली. आम्ही कंदिलात राहिलेल्या जुड्या बांधल्या, जेवलो, झोपलो. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेली, काही कळलं नसेल. तिला कळलं नसेल हे मी मान्य करतो. मला कळलं.

याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. रडगाणं वाचायला तुम्हाला वेळ नाही आणि हौसाला ते आवडलं नसतं. मी चौथी शिकलेला माणूस. मुलीनं, सुरेखानं, ही वही आणून दिली आणि म्हणाली, आबा, लिहा. पणदऱ्यातल्या लोकांनी वाचावं, आणि आमच्यासारखी जी म्हातारी खोडं पोरांच्या मागं फ्लॅटात जाऊन पडलीत त्यांनीही वाचावं, म्हणून लिहितोय. मुख्य म्हणजे पैजेचं काय झालं ते सांगायचंय.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी सुरेखानं टेम्पो आणला. ती बारामतीत शाळेत शिकवते. आमच्या दोन गाया शेजारच्या यमुनाबाईंच्या गोठ्यात गेल्या. टेम्पोत एक कॉट, एक ट्रंक, रेकॉर्डचं मशीन आणि आठ रेकॉर्डी. गुलाबराव, माझा जुना दोस्त, टेम्पोचं फाळकं लावायला आला होता. म्हणाला, "आमेरिकेला निघाल्यागत तोंड करू नगं. बारामती हाय ती. यस्टीनं उतरलास की हितंच." मी म्हणालो, आमेरिकेला जाणारा परत येतो म्हणून सांगून जातो, मी काय सांगू? त्यानं फाळक्याची कडी पुन्हा एकदा ठोकली. 

माझं पहिलं घर सुटलं ते कोऱ्हाळे बुद्रुकचं. भाऊ चार, रान थोडं. लग्नाला दोन महिने झाले होते. मला भवानीनगरला साखर कारखान्यात वायरमनच्या हाताखाली काम लागलं. निघताना आई दारात उभी राहून म्हणाली, "तितं गेल्यावर आदी पानी चाखून बग. ग्वाड लागलं तर ऱ्हा, न्हायतर माघारी ये." बाकी आशीर्वाद वगैरे काही नाही. भवानीनगरचं पाणी गोड लागलं. राहिलो. रिटायर झाल्यावर पणदऱ्यात दहा गुंठे घेतले, तिथंही आधी विहिरीचं पाणी ओंजळीनं प्यालो. बारामतीला फ्लॅटात शिरलो तेव्हाही तेच केलं. सुरेखाच्या पाणी गाळायच्या मशीनमधलं पाणी. त्याला चवच नव्हती, ना गोड ना खारं. अशा पाण्याचं काय करायचं ते आईनं सांगितलं नव्हतं.

आता रेकॉर्डी कुठून आल्या ते सांगतो.

भवानीनगरच्या कारखान्यात एक केमिस्ट साहेब होते. उसाचा रस, साखरेचा दाणा तपासणारे. एकटे, मुंबईकडचे, बंगल्यात राहायचे. हौसा त्यांच्याकडं सहा वर्षं स्वयंपाकाला होती. साहेब संध्याकाळी रेकॉर्ड लावायचे आणि डोळे मिटून बसायचे. हौसा आत भाकरी थापत ऐकायची. एक दिवस तिनं विचारलं, साहेब, हे भजन हाय का बँड? साहेब म्हणाले, हौसाबाई, याला जॅझ म्हणतात. वाजवणारे थोडंसंच आधी ठरवतात, बाकीचं वाजवता वाजवता सुचतं. हौसा म्हणाली, म्हंजे आमच्या स्वैपाकासारखं. साहेब या उत्तरावर इतके खूश झाले की त्या दिवसापासून ते खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराजवळ ओढून बसायला लागले आणि तिला सगळं सांगायला लागले. हे वाजवणारे कोण, कुठल्या मुलखातले, कसल्या गरिबीतून आलेले, सगळं. रात्री ती मला सांगायची. मी अर्धं ऐकायचो.

साहेब रिटायर होऊन भावाकडं परदेशात गेले, तेव्हा मशीन आणि आठ रेकॉर्डी हौसाला देऊन गेले. प्रत्येक कव्हरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलनं आकडा लिहिलेला. वीस, तीस, चाळीस, पन्नास, अशी ऐंशीपर्यंत. त्या त्या दशकातली एक रेकॉर्ड. पन्नासच्या मात्र दोन. दुसरी ती वस्तादाची. साहेब म्हणाले, क्रमानं ऐका, म्हणजे हे पोर कसं रांगलं, कसं चाललं, कसं बिघडलं ते कळेल.

मी मशीन सायकलवर घेऊन क्वार्टरला आलो. संध्याकाळ होती, सगळ्यांचे दिवे लागलेले. त्या काळी सगळीकडंच अशा वेळी व्होल्टेज पडायचं, पंखा मोजून घ्यावा असा फिरायचा. रेकॉर्ड लावली तर आवाज रडका, ओढल्यासारखा. हौसाचं तोंड उतरलं. मी म्हणालो, थांब, मी वायरमन हाय. मशीनला एक बटण होतं, त्यावर तीन आकडे. मी ते एक घर पुढं सरकवलं आणि गाणं एकदम टुणकन उठलं. पण बटण ढिलं होतं, मागं घसरायचं. मग विळ्याची मूठ बसवतात तशी मी लाख तापवली आणि बटणाच्या बुडात ओतली. बटण कायमचं बसलं. मी हात झटकले. शेजारपाजारचे बघायला आले होते, त्यांना सांगितलं, व्होल्टेज कितीबी पडू दे, आता हे मशीन मरत नाही.

पुढं व्होल्टेज सुधारलं. लाख तशीच राहिली.

दोन-तीन दिवसांनी हौसा म्हणाली, "अवो, साहेबांकडं आवाज येगळा यायचा. जाड यायचा, चुलत्यागत."

"बंगल्याचं छत उंच," मी म्हणालो. "आवाज घुमतो."

"ती लाख काडून बगा की येकदा."

"मोटर जळंल. तुला त्यातलं काय कळतंय?"

पुन्हा तिनं लाखेचं काढलं नाही. गडी की बाई हे मात्र सोडलं नाही.

साहेब म्हणाले होते क्रमानं ऐका. हौसानं क्रम ठेवला, पण तो कामाचा. वीसची रेकॉर्ड सकाळी, झाडलोट करताना. ती मुळात खरखरीत, जुनं वाजवणं नव्या रेकॉर्डवर उतरवलेलं. चार-पाच जण वाजवतायत आणि प्रत्येक जण स्वतःचंच रेटतोय, पण भांडण नाही, वरातीत नाचणाऱ्यांसारखं. साहेबांनी तिला सांगितलं होतं की त्या काळी माईक नव्हते. सगळे एका भोंग्यापुढं उभे राहून वाजवायचे, आणि ज्याचा आवाज फार मोठा त्याला पार मागं भिंतीशी उभं करायचे. "म्हंजे तुमच्यागत," हौसा मला म्हणायची. मी काही बोललो की म्हणायची, "भिताडाकडं सरका."

तीसची रेकॉर्ड पंधरा-वीस जणांच्या ताफ्याची. एका दमात फुंकायचे आणि एका दमात थांबायचे. ती भुईमुगाच्या शेंगा फोडायला. चाळीसची फार घाईची, मोहोळ उठल्यासारखी. कांदा चिरताना लावायची. एकदा गोठ्यात ऐकू जाईल अशी लावली तर गायीनं बादली उडवली, तेव्हापासून धारेच्या वेळी चाळीस बंद.

पन्नासची पहिली रेकॉर्ड पाचाच्या ठेक्यातली. आपले पाय चारात चालतात, हे पाचात. मला ते लंगडं वाटायचं. हौसा म्हणायची, लंगडं न्हाय, दमदार हाय. साहेबांकडं तिनं त्या ठेक्यावर भाकरी बसवली होती. पाच थापा, एक फिरकी. पाच थापा, एक फिरकी. रेकॉर्ड आमच्या क्वार्टरमधे आल्यावर मात्र तिची भाकरी त्या ठेक्याला पुरेना. म्हणायची, हात मागं पडत्यात, वय झालं. तेव्हा ती तीस-बत्तीसची होती.

साठची रेकॉर्ड एका माणसाची. चार सुरांची एक ओळ तो पुन्हा पुन्हा फुंकतो, कधी समजुतीनं, कधी ओरडून. एकादशीला ती लावायची. सत्तरची माझी, कारण तीत सगळं विजेवर. विजेचा पियानो, विजेची गिटार. मी म्हणायचो, ही आमच्या खात्यातली माणसं. आणि ऐंशीच्या रेकॉर्डवर तरणी पोरं कोटबिट घालून पुन्हा जुन्याच चाली वाजवतायत. हौसा म्हणायची, "फिरून तितंच आली की गाडी."

वस्तादाची रेकॉर्ड संध्याकाळची, दोघांनी मिळून करायच्या कामाला. जुड्या, मेथी निवडणं, लसूण सोलणं.

पणदऱ्यातली लोकं सुरुवातीला हसायची. मग सवय झाली. यमुनाबाई भिंतीपलीकडून ओरडायच्या, "हौसे, शेंगांची लाव गं." गुलाबराव यायचा, तंबाखू मळायचा आणि माझ्या बाजूनं साक्ष द्यायचा. "बाईच हाय वहिनी. मला तर ती नर्सबाई वाटती." पाच वर्षं तो तिला नर्सबाईच म्हणत होता.

तर बारामती. तिसरा मजला, लिफ्ट, खाली वॉचमन. सोसायटीची मीटिंग असते, त्यात गाड्या कुठं लावायच्या यावर तास तास बोलतात. एक सांगतो, शहरात सगळं पळतं असं आपण म्हणतो, ते खोटं. पणदऱ्यात पाचला उठलो की धार, वैरण, खुरपणी, डेरी, बघता बघता दिवस मावळायचा. इथं सहाला उठतो, गॅलरीत बसतो, पेपरातलं मोठ्या अक्षरातलं वाचतो, जेवतो, झोपतो, उठतो, आणि घड्याळात बघावं तर दुपारचे अडीच. खाली बागेत माझ्यासारखेच सात-आठ जण बसतात. कुणी माळेगावचा, कुणी इंदापूरकडचा. सगळ्यांना एकच प्रश्न, तुमचं रान आता कोण बघतं? बरी माणसं आहेत. पण त्यांच्यात एकही वाद घालणारा नाही. मी काही म्हणालो की "बरोबर आहे" म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात मी वस्तादाची रेकॉर्ड लावायला काढली. राहिलेलं गाणं ऐकायचं होतं. वायर लावली, बटण दाबलं, आतून धूर आला. टेम्पोत हिसका बसून मोटर अडकली असेल, जळून गेली. सुरेखा म्हणाली, दुरुस्त करून आणते. चार दुकानं हिंडली. एका दुकानदारानं तर हे काय आहे असं विचारलं म्हणे. मी म्हणालो, ऱ्हाऊ दे. पण रोज कव्हर काढून बघायचो. वस्ताद बसलेला, टॉवेल खांद्यावर. त्या गाण्याचं शेवटचं कडवं माझ्या कानात होतं, पण मधली ओळ निसटायची. हौसा असती तर गुणगुणून दाखवली असती. ती ओळ गेली तर त्या संध्याकाळचा तेवढा तुकडाही जाणार, असं मला वाटायला लागलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

चार महिन्यांनी सुरेखानं ऑनलाइन नवं मशीन मागवलं. पेटीसारखं, छोटं, सुटसुटीत. शनिवारी दुपारी तिनं ते जोडलं. मी गॅलरीत होतो. आतून वस्तादाच्या रेकॉर्डची सुरुवातीची वाजंत्री ऐकू आली, पण मरगळलेली, ओढत चाललेली.

"बंद कर," मी ओरडलो. "व्होल्टेज पडलंय."

"आबा, फॅन बघा. फुल फिरतोय."

फॅन बघितला. पाती दिसत नव्हती एवढा फिरत होता. आणि मग गाणं सुरू झालं.

गडी होता. असा तसा नाही. खोल विहिरीतनं बोलावं तसा जाड, घोगरा, पान खाल्ल्यासारखा आवाज. कव्हरवरचा माणूस कव्हरवर बसल्या बसल्या गात होता. मान मांडीएवढी होती, आवाजही तेवढाच होता.

मी आत आलो. मशीनला बटण होतं आणि तीन आकडे. "हे कितीवर हाय?"

"तेहतीस. म्हणजे मिनिटाला तेहतीस फेऱ्या. मी मनानं नाही लावलं, रेकॉर्डवर लिहिलंय ना." सुरेखानं रेकॉर्डच्या मधल्या कागदावर बोट ठेवलं. तिथं छापलेलं होतं. तीस वर्षं मी तो आकडा बघत होतो. मला तो मालाचा नंबर वाटायचा.

मी बटण एक घर पुढं सरकवलं. पणदऱ्याची पडवी आली. अंगणवाडीतल्या बाई आल्या, कोथिंबिरीचा वास आला. मागं सरकवलं, वस्ताद आला. पुढं, बाई. मागं, वस्ताद. सुरेखाला वाटलं मी मशीन तपासतोय.

"व्होल्टेज कमी नव्हतं," मी म्हणालो. "म्हंजे पहिल्या दिवशी कमी होतं. पुढं नव्हतं." मग मी तिला लाखेचं सगळं सांगितलं.

तिनं मशीन बंद केलं. मग म्हणाली, "आई मला पण सांगायची, साहेबांकडे आवाज जाड होता म्हणून. मीच म्हणायचे, आई, आबा वायरमन आहेत, त्यांना कळतं."

हे मला आधीच्या सगळ्याहून जास्त लागलं.

संध्याकाळपर्यंत आठही रेकॉर्डी ऐकल्या, साहेबांच्या क्रमानं. वीसमधली माणसं आता वरातीत नाचत नव्हती, चालत होती, आणि भिंतीशी उभा केलेला तो मोठ्या आवाजाचा माणूस ओळखू येत होता. चाळीसची अजूनही घाईची, पण मोहोळ नव्हतं. एक एक बोट कुठं पडतंय ते कळत होतं. साठमधला माणूस ओरडत नव्हता, कळवळून सांगत होता. पन्नासच्या पाचाच्या ठेक्याला मी हात मांडीवर मारून बघितला. पाच थापा, एक फिरकी. बरोबर बसत होतं. हौसाचे हात मागं पडत नव्हते. मी भाकरी घाईला लावली होती.

तिनं सहा वर्षं या रेकॉर्डी अशा ऐकल्या होत्या. मग तीस वर्षं माझ्या बटणानं ऐकल्या. तरी एकदाही म्हणाली नाही की आता यात मजा राहिली नाही. जे आलं त्यालाच शेंगा, कांदा, लसूण जुळवून घेतलं. फक्त वस्तादाला बाई म्हणू दिलं नाही.

जेवताना सुरेखा म्हणाली, "आबा, वाईट वाटून घेऊ नका. आई हसली असती."

"हसली असती," मी म्हणालो. "पण डेरीवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं निघालो. नवं मशीन गव्हाच्या पोत्यात, रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून छातीशी. गाडीत विचार आला, कोऱ्हाळ्यातनं निघालो तेव्हा वाटलं घर मागं राहिलं, भवानीनगर सोडताना वाटलं, पणदरं सोडताना तर वाटलंच. पाण्याची चव बघण्यात मी जन्म घालवला. घराची खूण ती नव्हतीच. जिथं कुणीतरी मला "खोटं बोलताय" असं तोंडावर म्हणतं, ते माझं घर. त्या हिशेबानं काल सुरेखा "फॅन बघा" म्हणाली तेव्हाच बारामतीचा फ्लॅट थोडा घर झाला होता.

डेरीवर पोचलो तेव्हा किटल्यांची रांग लागली होती. दूध मापणारे तात्या, गुलाबराव, यमुनाबाई, आणखी दहा-बारा जण.

"आलं का पाव्हणं," गुलाबराव म्हणाला. "पोत्यात काय? फ्लॅट?"

मी तात्यांच्या टेबलावर मशीन ठेवलं, त्यांच्या बोर्डातनं लाईट घेतली. मोठ्यानं बोललो. पुटपुटलो नाही.

"ऐका. माझी आन् हौसाची पैज होती. ती म्हणायची गडी गातुया, मी म्हणायचो बाई. तीस वर्सं मी मशीनचं बटन चुकीच्या घरात लाखेनं चिकटवून ठिवलं हुतं. हौसा मला सांगत हुती, मी ऐकलं न्हाय. ती बरुबर हुती. मी चुकलो."

 तात्या म्हणाले, "येवढ्यासाठी बारामतीस्नं आला? फोन करायचा की."

"फोनवर चार माणसं मावत न्हाईत."

"मी न्हाय मानत," गुलाबराव म्हणाला. "पाच वर्सं नर्सबाई ऐकली मी. बटन फिरवून कुनाचाबी गडी करता येतो."

"मग ऐक की," मी म्हणालो. फार बरं वाटलं.

रेकॉर्ड लावली. वाजंत्री झाली, वस्तादानं तोंड उघडलं. गुलाबरावाच्या हातातली तंबाखू मळायची थांबली. यमुनाबाईंनी किटली खाली ठेवली आणि पदर सावरला, गावात परका माणूस आल्यावर सावरतात तसा.

गाणं संपल्यावर पहिल्या त्याच बोलल्या. "आमाला आपलं पडवीतलं बरं हुतं बाई. आमची म्हसरं त्येलाच सरावलीत."

मग मी बटण पुढं सरकवून थोडं तेही लावलं. सगळे हसले, मीही हसलो. गोठ्याच्या बाजूनं एक गाय हंबरली, माझीच असावी. हे बटण सुटं आहे. मी परत मागं घेतलं.

"तात्या, आनिक येकदा लावू का? येक गानं ऐकायचं राहिलंय."

"लावा. पर दूध नासंल."

"नासू दे," गुलाबराव म्हणाला.

सुई त्या गाण्यावर ठेवली, लाईट गेली तेव्हा अर्धं राहिलेल्या.  मधली ती निसटणारी ओळ आली. मी डोळे मिटून ऐकली. आवाज गड्याचाच होता.